म्हाताऱ्या मांजरीचे कोरडे खाद्य : पिशवीची मागची बाजू वाचायला शिकू या

या पानावर आजवर रक्तदाब, साखर, अंगावरचे रक्त कमी होणे, बाळंतिणीचा आहार असे विषय आले. यावेळी एका म्हाताऱ्या मांजरीबद्दल लिहितो आहे. काही वाचकांना हे गमतीचे वाटेल. पण आपल्या वस्त्यांमध्ये किती तरी घरांत मुले पुण्या-मुंबईला, औरंगाबादला गेली आहेत आणि मागे राहिलेल्या आई-आजीला सोबत फक्त एका मांजरीची आहे. ती मांजर आजारी पडली की त्या माउलीचे जेवण तुटते. शिवाय मुलगा मायेपोटी महागडे खाद्य पाठवतो, त्यावर सगळे इंग्रजीत लिहिलेले असते आणि आत काय आहे हे घरात कोणालाच कळत नाही. पैसा आपला, मांजर आपली, मग समजून घ्यायला नको का?

परभणीहून पूर्णेकडे निघालेल्या गाडीला पिंगळी हे छोटे स्टेशन लागते. तिथे माझी आत्या राहते. दोन खोल्या, एका कोपऱ्यात ज्वारीची पोती, आणि पोत्यांवर तिची मनी. आत्याचे मालक वारले त्या वर्षी हे पिल्लू घरात आले, त्याला आता तेरा वर्षे झाली. एप्रिलमध्ये जयंतीला गावी गेलो तेव्हा आत्याने जेवायला वाढण्याआधीच एक पिशवी पुढ्यात ठेवली.

"लेकरा, हे काय लिवलंय ते वाचून सांग बरं. पोरानं पुण्याहून धाडलंय. म्हने म्हाताऱ्या मांजराचं खास हाय. दोन महिने झाले चारते, पन मनी तर वाळतच चाललीय."

मनीला उचलले तर पाठीचा कणा हाताला टोचत होता. दोन वर्षांपूर्वी लस टोचताना तिचे वजन ४ किलो १०० ग्रॅम भरले होते, तो कागद आत्याने जपून ठेवला होता. आम्ही मनीला टोपलीत घालून पिठाच्या गिरणीतल्या काट्यावर नेले. टोपलीचे वजन वजा करून ३ किलो ४०० ग्रॅम भरले. म्हणजे ७०० ग्रॅम गेले. साठ किलोच्या माणसाचे दहा किलो उतरावेत, तसे हे झाले. "वय झालं, वाळायचीच" असे शेजारी म्हणत होते. वय हा आजार नव्हे, ही गोष्ट माणसाइतकीच मांजरालाही लागू आहे.

भाकरीवर मांजर का जगत नाही

मांजर हा पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. कुत्रा माणसाच्या ताटातले बरेच काही पचवून निभावून नेतो, मांजराला ते जमत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने लोह आणि जस्त जास्त असलेला 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण काढला, तो आपल्यासाठी चांगलाच आहे. पण भाकरी कितीही सकस असली तरी मांजराला लागणाऱ्या काही गोष्टी तिच्यात नसतातच.

त्यातली पहिली गोष्ट टॉरिन. हा घटक मांस, मासे आणि काळजात असतो. मांजराच्या शरीरात तो पुरेसा तयार होत नाही. टॉरिन कमी पडले तर मांजराच्या डोळ्याचा पडदा झिजून ते आंधळे होते, हे १९७५ साली संशोधकांनी दाखवून दिले. पुढे १९८७ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांना आढळले की हृदय सैल पडून मरणाऱ्या मांजरांच्या रक्तात टॉरिन कमी असते आणि ते दिले की बऱ्याच मांजरांचे हृदय सुधारते. ही मांजरे बाजारातले तयार खाद्य खाणारी होती. त्यानंतर कंपन्यांनी खाद्यातले टॉरिन वाढवले.

दुसरी गोष्ट अ जीवनसत्त्व. आपण गाजर खाल्ले की शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनवते. मांजराला ते तयार स्वरूपात, म्हणजे प्राण्यांकडूनच मिळावे लागते. तिसरी गोष्ट ॲराकिडोनिक आम्ल नावाचा एक स्निग्ध घटक, तोही प्राण्यांच्या चरबीतूनच येतो. आणि चौथी प्रथिने. मांजराचे शरीर प्रथिने जाळूनच चालते. कमी मिळाली तर ते स्वतःच्या अंगातले मांस जाळू लागते. म्हाताऱ्या मांजराच्या मांड्या आणि पाठ आधी उतरतात त्याचे एक कारण हेच असते.

म्हणूनच कुत्र्याचे खाद्य स्वस्त मिळते म्हणून ते मांजराला रोज घालू नये. एखाद्या दिवशी चोरून खाल्ले तर बिघडत नाही, पण त्यावर मांजर जगवता येत नाही.

पिशवीची मागची बाजू

पिशवीच्या पुढच्या बाजूला चित्र असते आणि मोठी अक्षरे असतात. ती बाजू विकण्यासाठी असते. वाचायची बाजू मागची. तिथे दोन याद्या असतात. एक, आत काय काय घातले आहे त्याची. दुसरी, त्यात किमान किती प्रथिने, किती स्निग्ध पदार्थ, जास्तीत जास्त किती तंतू आणि किती ओलावा आहे याची.

पहिल्या यादीत ज्या वस्तूचे वजन सर्वांत जास्त तिचे नाव आधी येते. यादीच्या सुरुवातीला कोंबडी, मासा किंवा त्यांचे वाळवून दळलेले पीठ असावे. इथे एक खोच आहे. 'ताजी कोंबडी' पहिली लिहिलेली असली तरी त्या वजनात पाऊण भाग पाणीच असते. उलट 'चिकन मील' म्हणजे पाणी आणि चरबी काढून दळलेले पीठ, त्यात प्रथिने दाट असतात. दुसरी खोच अशी की मका, मक्याचे ग्लुटेन, तांदूळ, गहू अशी धान्ये वेगवेगळी लिहिली की प्रत्येकाचे वजन कमी दिसते आणि ती यादीत खाली जातात. सगळी मिळून पाहिली तर कोंबडीपेक्षा जास्त असू शकतात.

दुसऱ्या यादीत 'क्रूड प्रोटीन' असे लिहिलेले असते. हा आकडा प्रयोगशाळेत नायट्रोजन मोजून काढतात. नायट्रोजन कशातून आला, मांसातून की आणखी कशातून, हे त्या आकड्याला कळत नाही. २००७ साली अमेरिकेत याच गोष्टीचा घात झाला. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन नावाचे रसायन मिसळले होते. त्यात नायट्रोजन भरपूर, त्यामुळे तपासणीत प्रथिने जास्त दिसत. ते खाद्य खाऊन कितीतरी कुत्रीमांजरे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली. पुढच्याच वर्षी चीनमध्ये लहान मुलांच्या दुधाच्या भुकटीत तेच रसायन सापडले. तेव्हा आकडा जरूर वाचावा, पण तो कशापासून आला हेही यादीत बघावे.

पाणी वजा करून तुलना करा

आता नेमका हिशेब. समजा कोरड्या खाद्याच्या पिशवीवर प्रथिने ३० टक्के आणि ओलावा १० टक्के लिहिला आहे. ओल्या खाद्याच्या पाकिटावर प्रथिने ८ टक्के आणि ओलावा ८३ टक्के. पहिल्या नजरेला कोरडे खाद्य चौपट सकस वाटते. तसे नाही.

आपल्या घरातल्या जुन्या बायकांना हे लगेच कळेल. मटणाच्या चान्या वाळवल्या की तेच मटण हलके होते, मूठभर दिसते. मांस वाढले नाही, पाणी गेले. म्हणून दोन खाद्यांची तुलना पाणी वजा करूनच करायची. कोरड्या खाद्यात १०० पैकी १० पाणी, उरले ९०. त्या ९० मध्ये ३० प्रथिने, म्हणजे शेकडा ३३. ओल्या खाद्यात १०० पैकी ८३ पाणी, उरले १७. त्यात ८ प्रथिने, म्हणजे शेकडा ४७. आता चित्र उलटे झाले.

अमेरिकेतील पशुखाद्य नियंत्रकांची 'आफ्को' ही संघटना प्रौढ मांजरासाठी किमान मर्यादा सांगते. पाणी वजा केल्यावर प्रथिने किमान २६ टक्के, स्निग्ध पदार्थ किमान ९ टक्के, आणि कोरड्या खाद्यात टॉरिन किमान ०.१ टक्का. ही मर्यादा म्हणजे उंबरठा आहे. म्हाताऱ्या मांजराला त्यापेक्षा जास्त प्रथिने असलेले बरे.

पिठूळ पदार्थांचा, म्हणजे कार्बोदकांचा आकडा पिशवीवर बहुधा नसतो. तो आपणच काढायचा. १०० मधून प्रथिने, स्निग्ध, तंतू, ओलावा आणि राख वजा करा. राख म्हणजे खाद्य जाळल्यावर उरणारी खनिजे. ती लिहिली नसेल तर ८ धरून चालावे. आत्याच्या पिशवीवर प्रथिने ३०, स्निग्ध १०, तंतू ४, ओलावा १० होते. राख ८ धरली. बेरीज ६२, म्हणजे कार्बोदके ३८ टक्के. रानात शिकार करून जगणाऱ्या मांजराच्या आहारात निम्मी ऊर्जा प्रथिनांतून, उरलेली बहुतेक चरबीतून आणि कार्बोदकांतून जेमतेम दोन टक्के येते. कोरड्या खाद्याचा दाणा यंत्रात फुलून आकारात टिकावा म्हणून त्यात पीठ लागतेच. ते विष नाही, बरीच मांजरे ते पचवतात. पण लठ्ठ किंवा साखरेचा आजार असलेल्या मांजराला जास्त पीठ परवडत नाही.

'सीनियर' या शब्दाला किती किंमत द्यावी

पशुवैद्यकांच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार ७ ते १० वर्षे म्हणजे मांजराचे उतरते प्रौढपण आणि १० च्या पुढे म्हातारपण. तेरा वर्षांची मनी म्हणजे साधारण अडुसष्ट वर्षांची बाई. पण पिशवीवर '७ प्लस' किंवा 'सीनियर' लिहिण्यासाठी आफ्कोचे वेगळे मानक नाही. पिल्लांसाठी आहे, प्रौढांसाठी आहे, म्हाताऱ्यांसाठी नाही. त्यामुळे एका कंपनीच्या सीनियर खाद्यात ऊर्जा कमी केलेली असते, दुसरीच्या खाद्यात जास्त. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात म्हाताऱ्या मांजरांच्या आणि प्रौढ मांजरांच्या बाजारातील खाद्यांची तुलना केली होती. ठळक फरक आढळला तो फक्त तंतूंमध्ये. नाव वेगळे, किंमत वेगळी, आतला माल बराचसा सारखा.

यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. सात-आठ वर्षांची घरात बसलेली मांजर सुटत जाते, तिला कमी ऊर्जेचे खाद्य ठीक. पण बारा वर्षांपुढे बऱ्याच मांजरांची चरबी आणि प्रथिने पचवण्याची ताकद कमी होते आणि त्या वाळू लागतात. अशा मांजरीला 'हलके' खाद्य देणे म्हणजे उपाशी ठेवणे. दोन्ही मांजरी 'सीनियर', पण गरज उलटी. म्हणून वय विचारून नव्हे, मांजर हाताळून खाद्य ठरवावे. बरगड्या हलक्या हाताने लागाव्यात पण दिसू नयेत. पाठीचा कणा आणि मांडीची हाडे टोचू लागली तर मांस उतरले समजावे, मग पोट कितीही गोल दिसो.

मूत्रपिंड आणि फॉस्फरस

म्हाताऱ्या मांजरांना सर्वांत जास्त गाठणारा आजार मूत्रपिंडाचा. मूत्रपिंडे हळूहळू झिजतात. निम्म्याहून कितीतरी जास्त काम बंद पडेपर्यंत बाहेरून फारसे कळत नाही. पहिली खूण म्हणजे जास्त पाणी पिणे आणि जास्त लघवी. नंतर वजन उतरणे, केस विस्कटणे, उलट्या, तोंडाला वास.

अशा मांजराला फॉस्फरस कमी असलेले खाद्य द्यावे लागते. निरोगी म्हाताऱ्या मांजराची प्रथिने मात्र उगीच कमी करू नयेत, नाहीतर अंगातले मांस आणखी उतरते. खाद्यात फॉस्फरस दोन वाटांनी येतो. एक, मांस आणि हाडांतून. दुसरा, चव आणि टिकाऊपणासाठी घातलेल्या फॉस्फेट क्षारांतून. हा दुसरा रक्तात झटकन शोषला जातो आणि मूत्रपिंडांवर जास्त ताण आणतो. म्हणून यादीत सोडियम फॉस्फेट, पोटॅशियम फॉस्फेट, फॉस्फोरिक ॲसिड अशी नावे वरच्या बाजूला दिसली तर सावध व्हावे. फॉस्फरसचा आकडा पिशवीवर नसेल तर ग्राहक सेवेचा क्रमांक असतोच, तिथे फोन करून विचारावे. तो सांगणारी कंपनी आणि टाळाटाळ करणारी कंपनी यांत निवड करणे सोपे आहे.

वजन उतरण्याची आणखीही कारणे असतात. भूक खूप आणि तरी वाळते, तर थायरॉइड वाढलेले असू शकते. खायला जाते, दाणा तोंडात घेते आणि टाकते, तर दात किंवा हिरड्या दुखत असतात. खूप पाणी, खूप लघवी, खूप भूक, तर साखर असू शकते. ही सगळी दुखणी कोणत्याही पिशवीने बरी होत नाहीत. आधी तपासणी, मग खाद्य.

मराठवाड्याच्या उन्हात कोरडे खाद्य

मांजराचे पूर्वज वाळवंटातले. तहान लागली तरी ते कमीच पाणी पिते, कारण शिकारीतूनच त्याला पाणी मिळत असे. उंदराच्या अंगात शंभरात सत्तरच्या आसपास पाणी असते. मनीच्या वजनाच्या मांजरीला दिवसाला सुमारे १७० मिलिलिटर पाणी लागते, अन्नातले धरून. पोट भरायला सहा उंदीर खाल्ले तर निम्मे पाणी त्यातूनच मिळते. कोरडे खाद्य ५५ ग्रॅम खाल्ले तर त्यातून मिळते जेमतेम एक चमचाभर. बाकीचे सगळे तिने पिऊन भरून काढायचे आणि एप्रिल-मे महिन्यात परभणीत पारा चाळीसच्या वर गेलेला असतो.

म्हणून कोरडे खाद्य घालायचेच असेल तर कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजवून घालावे. दात पडलेल्या मांजरालाही ते बरे पडते आणि वासही सुटतो. उन्हाळ्यात भिजवलेले खाद्य तास-दीड तासाच्या आत उचलून टाकावे. पाण्याची दोन-तीन मातीची परळे घरात वेगवेगळ्या जागी, खाद्यापासून लांब ठेवावीत. 'कोरडे खाल्ल्याने दात साफ होतात' असे सांगतात, त्यावर फार विसंबू नये. बहुतेक दाणा चावताच फुटतो, दात घासला जात नाही.

दुकानात पोते उघडून सुटे विकलेले खाद्य घेऊ नये. त्यावर ना यादी, ना तारीख. उघड्या खाद्यातली चरबी उष्णतेने खवट होते, जीवनसत्त्वे उडतात. पिशवी घेताना तयार केल्याची तारीख बघावी, महिना-दीड महिन्यात संपेल एवढीच घ्यावी आणि पिशवीसकट पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवावी.

पैशांचा हिशेब

किलोचा भाव बघून खाद्य स्वस्त-महाग ठरवू नका. आत्याच्या पिशवीचा हिशेब असा. प्रथिने आणि कार्बोदकांच्या प्रत्येक ग्रॅमला साडेतीन कॅलरी आणि स्निग्धाच्या प्रत्येक ग्रॅमला साडेआठ. १०० ग्रॅममध्ये प्रथिनांच्या १०५, स्निग्धाच्या ८५, कार्बोदकांच्या १३३, एकूण ३२३ कॅलरी. मनीला दिवसाला निदान १८० कॅलरी हव्यात, म्हणजे रोज सुमारे ५६ ग्रॅम. आत्या रोज एक मूठ घालत होती. आम्ही ती मूठ किराणा दुकानाच्या काट्यावर मोजली, ३० ग्रॅम भरली! वर सकाळचे दूध आणि चुरलेली भाकरी.

आता समजा या खाद्याचा भाव किलोला ३०० रुपये आहे आणि दुसऱ्या एका खाद्याचा ४५०, पण दुसऱ्यात १०० ग्रॅमला ४०० कॅलरी आहेत. पहिल्याचे १८० कॅलरीचे खाद्य सतरा रुपयांच्या आत पडते, दुसऱ्याचे सव्वावीस रुपयांना. किलोमागे दीडशेचा फरक, पण दिवसाला साडेतीन रुपयांचा. दुसऱ्यात प्रथिने खरोखर चांगली असतील तर तो सौदा वाईट नाही. नसतील तर जास्तीचे पैसे चित्राला दिले समजा.

घरचे काय चालते, काय नाही

मीठ-मसाला न घालता उकडलेली, हाडे काढलेली कोंबडी किंवा रोहू-कटल्याचे काटे काढलेले तुकडे थोडे थोडे दिलेले चालतात. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग म्हाताऱ्या मांजराला चांगला, त्यात फॉस्फरस कमी असतो. पण केवळ मांसावर ठेवले तर चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी पडते. रोज काळीज घातले तर अ जीवनसत्त्व साचून मानेची हाडे आखडतात. रोज कच्चा मासा दिला तर ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते. त्यामुळे घरचे हे जोड म्हणून, आणि पाया संपूर्ण खाद्याचा.

सुकट आणि बोंबील यांत मीठ फार, म्हाताऱ्या मांजराला नको. कांदा-लसूण घातलेला रस्सा मांजराच्या रक्तपेशी फोडतो, तो मुळीच नको. मोठ्या मांजराला बहुधा दूध पचत नाही, जुलाब लागतात. शिजवलेली कोंबडीची हाडे आतड्यात टोचतात.

आणि सर्वांत महत्त्वाचे : मांजर मलूल दिसले म्हणून तापाची पॅरासिटामोल गोळी कधीही देऊ नका. माणसाला चालणारी ती एक गोळी मांजराचा जीव घेते. कुत्र्याच्या गोचिडांचे औषधही मांजराला लावू नये, त्यातील परमेथ्रिन त्याला घातक असते. घरात उंदराचे औषध ठेवले असेल तर विषारी उंदीर खाऊन मांजर मरते, हेही ध्यानात ठेवा.

खाद्य बदलताना आठ-दहा दिवस जुन्यात नवे थोडे थोडे मिसळावे. 'भूक लागली की खाईल' म्हणून मांजराला दोन-तीन दिवस उपाशी ठेवू नये, विशेषतः लठ्ठ मांजराला. त्याच्या यकृतात चरबी साचून ते दगावू शकते.

मनीचे पुढे काय झाले

दुसऱ्या दिवशी मनीला पिशवीत घालून आम्ही गाडीने परभणीला नेले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मांजरासाठी दवाखाना? ऐकावं ते नवलच." आत्या म्हणाली, "मांजर आडवी गेली तर थांबणारे आपन न्हवं. आडवी पडली तर मात्र थांबावं."

रक्त आणि लघवी तपासली. मूत्रपिंडे झिजू लागली होती, अजून फार पुढे गेली नव्हती. एक दाढ सडली होती, ती काढली. डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या आजाराचे खास खाद्य सुचवले. त्याची किंमत ऐकून आत्या गप्प झाली. मग त्यांनीच समजावले की हे मिळाले तर उत्तम, पण न परवडणारे उत्तम खाद्य आणून अर्धपोटी ठेवण्यापेक्षा परवडणारे साधे खाद्य पोटभर खाल्लेले बरे. म्हातारे मांजर काही तरी खाते आहे, हे पहिले. काय खाते, हे दुसरे.

शेवटी असे ठरले. महिन्यातून एक छोटी पिशवी खास खाद्याची, मुलगा पाठवेल. ते आणि प्रौढ मांजराचे साधे खाद्य निम्मे निम्मे, मोजलेल्या वाटीने, भिजवून, दिवसातून चार वेळा. दूध बंद, सुकट बंद. दर रविवारी गिरणीत वजन आणि ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचे. आत्याला आकडे वाचता येतात. पहिल्या महिन्यात ३ किलो ४५०. दुसऱ्यात ३ किलो ५५०. गेल्या दोन महिन्यांत तेवढेच आहे. मूत्रपिंडे बरी झालेली नाहीत, होणारही नाहीत. पण मनी आता पुन्हा पोत्यावर उडी मारून बसते.

परवा फोनवर आत्या म्हणाली, "पोराला सांगितलंय, पिशवी धाडायच्या आधी मागचा फोटो काढून धाड. मी गिरनीवाल्याच्या पोरीकडून वाचून घेते, मगच घे म्हनावं."

पिशवी घेण्याआधी

१. 'संपूर्ण व समतोल आहार' असे मांजराच्या खाद्यासाठी स्पष्ट लिहिले आहे का? केवळ 'खाऊ' किंवा 'पूरक' लिहिले असेल तर ते रोजचे जेवण नव्हे.

२. यादीत पहिल्या दोन-तीन नावांत प्राणिज पदार्थ आहे का? टॉरिन लिहिले आहे का?

३. पाणी वजा करून प्रथिने किती? १०० ग्रॅमला कॅलरी किती? फॉस्फरस किती?

४. कंपनीकडे आहारशास्त्र शिकलेला पशुवैद्यक आहे का, खाद्य कोठे बनते, तपासणी कोण करते, हे विचारल्यावर उत्तर मिळते का?

५. तयार केल्याची व संपण्याची तारीख, वजन, पत्ता आणि ग्राहक सेवेचा क्रमांक छापला आहे का?

६. आणि सर्वांत आधी : मांजराचे वजन गेल्या सहा महिन्यांत किती होते, आता किती आहे? चार किलोच्या मांजराचे दोनशे ग्रॅम जरी उतरले तरी दवाखाना गाठावा. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तालुक्यांच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. दहा वर्षांपुढच्या मांजराची वर्षातून दोनदा तपासणी व्हावी, आणि त्याच फेरीत रेबीजची लसही टोचून घ्यावी. मांजर चावले किंवा ओरखडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जावे. मांजर घरचे आहे म्हणून हयगय करू नये.